फुग्यांच्या कारखान्याशेजारचं क्रिस्टल

एका शेडमध्ये सहा-सात माणसं चार वर्षं कोंडून ठेवली की किस्से साठतातच. आमच्या डहाणूच्या शेडमधून तर सुरुवातीला माल कमी आणि किस्सेच जास्त बाहेर पडायचे! अजूनही आम्ही जुनी मंडळी चारोटीला चहाला भेटलो की चहा निवून जातो, पण बोलणं काही संपत नाही.

आम्ही क्वार्ट्झचे क्रिस्टल बनवायचो. नखाएवढी पारदर्शक चकती, दोन्ही बाजूंना चांदीचा पातळ लेप. तिला करंट दिला की ती थरथरते, सेकंदाला लाखो वेळा, आणि दर सेकंदाला तितक्याच वेळा. त्या थरथरीवर घड्याळं चालतात, मीटर चालतात. डिझाइन राऊत सरांचं. मुंबईची नोकरी सोडून २०१४ मध्ये ते गावी परतले, ते याच हट्टापायी. शेड विनूभाईंची. मी टेस्टिंगला, म्हणजे सगळ्यांच्या चुका मोजायला, त्यामुळे माझ्यावर कुणाचं फारसं प्रेम नव्हतं.

पुण्याच्या एका मीटर कंपनीने आमचं सँपल पास केलं तरच पुढचं खरं. विनूभाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "राऊतसाहेब, तीन चान्स. तिन्ही गेले तर शेड चिकूच्या पॅकिंगला!"

* * *

शेडवर बोर्ड लागला आणि तिसऱ्या दिवशी तलासरीहून एक गृहस्थ आले. म्हणाले, "स्फटिकाची माळ पाहिजे, एकशे आठ मण्यांची."

राऊत सरांना ऐकणारा माणूस मिळाला की झालं! त्यांनी त्या बिचाऱ्याला बसवून अर्धा तास समजावलं. दगड दाबला की करंट निघतो, करंट दिला की दगड हलतो, मध्यभाग नीट थरथरला पाहिजे आणि कडा शांत राहिली पाहिजे, नाहीतर सगळी ताकद कडेने गळून जाते.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "ते ठीक आहे हो, पण राहू शांत होईल का?"

सर म्हणाले, "राहूचं मला माहीत नाही. माझी कडा शांत झाली तरी मी पेढे वाटीन!"

* * *

ती कडा काही शांत होईना. पहिलं सँपल त्यातच गेलं. क्रिस्टल चालायचे, पण दमेकऱ्यासारखे. करंट खायचे भरपूर, थरथरायचे कमी.

सर फळ्यावर कडेचा बाक काढत बसले होते. चकत्या घासायच्या कामावर गंजाड गावच्या जयवंतीताई होत्या. त्या चकती हातात फिरवत म्हणाल्या, "सर, ही सगळीकडून सारखीच जाड आहे. भाकरी अशी थापली तर सासू घराबाहेर काढील!"

"म्हणजे?"

"मध्ये जाड ठेवायची, कडेला बोटं फिरवून पातळ करत न्यायची. एकदम नाही, हळूहळू."

सर फळ्याकडे वळले. त्यांचंही गणित तेच सांगत होतं, फक्त ते एका फटक्यात कडा मारायला निघाले होते. मग चकत्या घासायच्या पावडरीबरोबर गोल नळीत घातल्या आणि नळी दिवसच्या दिवस सावकाश फिरवली. किती फिरवायची ते जयवंतीताई बोटाने कडा चाचपून सांगायच्या. मी मीटर लावला तर करंट निम्म्यावर! मी ओरडलेच. सरांनी खरंच पेढे वाटले.

* * *

आता आमच्या मालकांचा किस्सा. एकदा सर सुट्टीवर असताना विनूभाईंना वाटलं, घासाईत काय एवढं? बसले स्वतः! शंभर चकत्या प्रमाणाबाहेर पातळ करून ठेवल्या. पातळ चकती जास्त भराभर थरथरते, आणि घासलेलं तर परत चिकटवता येत नाही.

पण विनूभाई हार मानणारे नव्हेत. जुने रेडिओवाले क्रिस्टलवर पेन्सिल घासून त्याला जड करायचे, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. त्यांनी मुलीच्या दप्तरातली पेन्सिल आणली आणि शंभरच्या शंभर रंगवल्या! मला म्हणाले, "बेन, आता माप. एकदम बराबर आला असेल."

मी मापल्या. एकीचं दुसरीशी जुळेल तर शपथ!

सरांनी परत आल्यावर माझा कागद वाचला आणि म्हणाले, "विनूभाई, याला लॉट नाही म्हणत. ही ग्रामसभा झाली!"

* * *

दुसरं सँपल मात्र कुणाच्याच चुकीने गेलं नाही, म्हणून ते जास्त झोंबलं. माल आमच्याकडे मोजताना चोख, आणि पुण्याला पोचेपर्यंत थोडा मंदावलेला. सर जेवेनासे झाले. मलाही रडू यायचं, कारण आकडे माझे होते.

विनूभाईंचा संशय विजेवर. दोन स्टॅबिलायझर बदलून झाले, एक नारळ फोडून झाला. काही फरक नाही.

आमच्याकडे दागिने घालून कामाला बसायची बंदी होती. जयवंतीताई पैंजण काढून खिडकीतल्या खिळ्याला अडकवायच्या. एकदा ते हातात घेऊन चिडल्याच, "सर, तुमच्या या खिडकीत आठ दिवसांत पैंजण काळे पडतात. घरी वर्षभर काही होत नाही!"

सर खुर्चीवरून उठलेच. खिडकीबाहेर फुग्यांचा कारखाना होता. तिथे रबर पक्कं करायला गंधक घालून भाजायचे. तो वास आम्हाला इतका सवयीचा झाला होता की कुणाच्या ध्यानातच येईना. त्या वाफेने चांदी काळी पडते, आणि आमच्या चकत्यांवरही चांदीच! लेपावर काळी साय धरली की चकती जड, आणि जड झाली की मंद.

त्या दिवसापासून खिडकी बंद, आणि लेप दिला की त्याच दिवशी डबी सील. विनूभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "दोन स्टॅबिलायझर, एक नारळ, आणि सापडला कुठे? पैंजणात!"

* * *

तिसऱ्या वेळी पुण्याहून साहेब स्वतःच आले. थरथर मोजायचा आपला काउंटरही घेऊन आले. आमच्यावर एवढा विश्वास!

क्रिस्टल साठ अंशांना तापवलेल्या पेटीत, आकडा समोर, तासभर कुणी काही बोलायचं नाही. विनूभाई दाराशी उभे. चिकूवाल्यांशी त्यांचं बोलणं झालेलं होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

अकराला जो आकडा होता, तोच साडेअकराला. तोच बाराला.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुमचा काउंटर हँग झालाय."

बंद करून चालू केला. तोच आकडा. मग त्यांनी स्वतःचा जोडला. तोच आकडा. त्यांनी त्यालाही दोन टपल्या मारल्या. "हा पण?"

सर दोन्ही काउंटरच्या वायरी तपासायला लागले.

जयवंतीताई उठल्या. पेटीचं झाकण उघडलं आणि क्रिस्टलच्या डबीवर बोट टेकवलं. आकडे सुर्रकन पळाले. बोट उचललं, झाकण लावलं. थोड्या वेळाने आकडा होता तिथे येऊन बसला.

"जिवंत आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "करा सही!"