गाडीतला वास

अलमेलूच्या गुडघ्यांना रोज तैलम लागे. सकाळी चोळलं की दिवस निभे, नाहीतर न्हाणीपर्यंत जायलासुद्धा भिंत धरावी लागे. पण निवृत्तीनंतर हौसेनं गाडी घेतल्यापासून सुंदरना, म्हणजे तिच्या यजमानांना, त्या तेलाचं वावडं झालं. एसी लावला की गाडीत कुजका वास येई. ते नाक मुरडून म्हणत, "तुझें तैलमच. सीटमध्यें मुरलें आहे."

मग एकतर तेल, नाहीतर गाडी, असा हुकूम सुटला. अलमेलूची थोरली बहीण, कनकाअक्का, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अण्णा नगरला अंथरुणाला खिळलेली. पेरुंगुडीच्या घरून तिथं बसनं जाणं या गुडघ्यांना झेपण्यासारखं नव्हतं. अलमेलूनं निमूट तेल सोडलं. गुडघे सुजले, वास मात्र होता तिथंच. तेव्हा सुंदरनी निदान बदललं: वास म्हणे तिच्या साड्यांनाच चिकटला होता. रविवारी अक्काकडे नेणंही त्यांनी बंद केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी!

अक्का फोनवर रडली, तेव्हा मात्र अलमेलूचं डोकं फिरलं. एसीचा वास कुठून येतो, याचा एक तमिळ व्हिडिओ तिनं पुन्हा पुन्हा पाहिला आणि एसीच्या हवेचा नवा फिल्टर घरपोच मागवला. दुपारी सुंदर घोरत असताना ती किल्ली घेऊन खाली उतरली.

डाव्या सीटसमोरचा कप्पा तिनं रिकामा केला. दोन्ही बाजू आत दाबल्यावर तो खाली लोंबला. मागं प्लास्टिकचं एक झाकण होतं, त्याच्या खिट्ट्या सोडवताना नख मोडलं. फिल्टर ओढला आणि भपकन वास आला. घड्यांघड्यांत मोगरा कुजला होता, काळा, चिकट, दोऱ्यासकट. दर शुक्रवारी गाडीची पूजा करून पुढच्या काचेखालच्या, हवा आत घेणाऱ्या जाळीवर फुलांचा सर ठेवून त्यावर पाणी शिंपडणारा माणूस घरात एकच होता.

नवा फिल्टर त्यावरचा बाण खाली करून तिनं बसवला. जुना वर्तमानपत्रावर ठेवून, झोपेतून उठलेल्या नवऱ्यापुढं धरला. "हें बघा. माझें तैलम."

सुंदरनी पाहिलं. दोराही ओळखला. "सरी, सरी, बरें," ते म्हणाले. "फेकून ये, हात धू. गरम कापी दे."

माफी राहिली बाजूला, नजरसुद्धा वर आली नाही. तरी रविवारी गाडी अण्णा नगरला निघाली. अक्कानं अलमेलूचा हात धरला तो सोडेचना. शेजारी खुर्चीत ऐसपैस बसून सुंदर म्हणाले, "अक्का, हिणें तैलम सोडलें आणि गाडीचा वास गेला. मी आधींपासून सांगत होतों."

"ऐकलेंस ना शेवटीं नवऱ्याचें," अक्का कौतुकानं म्हणाली. "बरें केलेंस."

अलमेलूच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण बोललं तर पुढच्या रविवारी गाडी निघणार नव्हती, आणि अक्काचे रविवार किती उरलेत कुणास ठाऊक. ती नुसती हसली. त्या हसण्याची तिला स्वतःचीच शिसारी आली.

परतताना एसी झकास चालत होता. सुंदर खुशीत शीळ घालत होते. गाडीत कसलाही वास नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं अलमेलूला वाटलं.