तारबाबूंचा नियम

निरोप दिल्यावर तो समोरच्याकडून परत वदवून घेतल्याशिवाय ज्यांनी आयुष्यात कोणाला उंबरा ओलांडू दिला नाही, असे गृहस्थ मी एकच पाहिले. ते आमचे शेजारी, तारबाबू. मी वाढवून सांगणारा माणूस नाही, पण यात सूट खरोखरच कोणालाही नव्हती. वर्ध्याच्या स्टेशनात त्यांनी हयात तारा घेण्यात आणि पाठवण्यात घालवली होती. तिथं आलेला संदेश पाठवणाऱ्याला परत म्हणून दाखवायचा, मगच तो पोचला असं धरायचं. एक आकडा चुकला तर दोन गाड्या समोरासमोर यायच्या. निवृत्त झाल्यावर हा नियम त्यांनी घरी आणला. "बोलणं म्हंजे अर्धंच काम जी," ते म्हणायचे, "ऐकणारा परत बोलला का पुरं झालं."

आंजीहून येणारा दूधवाला त्यांना पुरता ओळखून होता. तारबाबूंनी विचारायच्या आत तो म्हणायचा, "उद्या अर्धा शेर जास्त, जवाई येऊन राह्यले." दुधात पाणी नको, एवढं मात्र तो दरवेळी गाळायचा. माझ्या मुलीच्या सोयरिकीत समुद्रपूरच्या पाहुण्यांनी मुलगी पसंत असल्याचं सांगितलं, तर तारबाबूंनी ते त्यांच्याकडून इतक्यांदा वदवून घेतलं की मुलीत काही खोट आहे का, असा त्यांना संशय आला. लग्न झालं, पण माझी बायको बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. तारबाबूंची बायको, आमच्या काकू, तेवढ्या हसून "ऐकलं जी, बहिरी नाई मी" म्हणत आणि मग शब्दन् शब्द म्हणून दाखवत.

पुढे काकूंना अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली.

डावा हात तेवढा चालायचा. त्या हातानं त्या तारबाबूंची बाही धरत. काहीतरी हवंय हे उघड होतं. काय, ते कळेना. "पाणी का? पाणीच ना?" म्हणत ते तांब्या आणत. तांब्या तसाच राही, बाही पुन्हा धरली जाई. मग फणी, चष्मा, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, सासरी गेलेल्या त्यांच्या मुलीचा फोटो. माझ्या बायकोनं तर ठेचा नेऊन दाखवला. काकू नुसते डोळे मिटून घेत. एका संध्याकाळी तारबाबू आमच्या ओट्यावर येऊन बसले. "तिचा एक निरोप माझ्यापाशी पोचून नाई राह्यला," ते म्हणाले. "असाच राह्यला त मी काय करू?"

मग काकूंसाठी फळीवरून जुनी पेटी काढताना तारबाबूंचा पाय मुरगळला. त्या दुपारी काकूंनी बाही धरली, तर त्यांना उठताच येईना. थांब जरा म्हणून ते खाटेच्या कडेलाच बसून राहिले. मी लेप घेऊन गेलो तेव्हा काकू शांत झोपल्या होत्या, मूठ बाहीवर तशीच. तारबाबूंनी मला खुणेनं दारातच थांबवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काहीच मांगत नव्हती जी. मी उठून जाऊ नाई, एवढंच."

पाय बरा झाला तरी ते तिथून फारसे हलले नाहीत. काकू गेल्या त्या पहाटेही ते खाटेपाशीच होते. माणसं जमली, तयारी झाली. काकूंच्या मुठीत बाही तशीच होती. बोटं सोडवायला मी पुढे झालो, तर त्यांनी मान हलवली. सदऱ्यातून हात काढून घेतला आणि सदरा काकूंच्या मुठीत राहू दिला. थंडीचे दिवस होते. नदीपर्यंत ते उघड्या अंगानंच चालले.