कालवडीला पाणी गिळवेना
गुरांना घालायच्या सरकीच्या ढेपेचा वास आला की मला थोरली जाऊ आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वाशीमजवळच्या आमच्या गावात, एका सकाळी कालवड लाळ गाळायला लागली, घोगरं हंबरायला लागली. पाणी तिला गिळवेना. "ढेपीचा खडा अडकला असन व, तोंड धर तिचं," म्हणत जाऊबाईंनी तिच्या घशात हात घातला. खडा नव्हता, पण दातांनी मनगट सोललं. कालवड मेल्यावर गुराखी म्हणाला, "तिले पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं." पुढच्या महिन्यात जाऊबाई पाणी पाहून किंचाळू लागल्या. थोरल्या दिरांनी त्यांना खोलीत कोंडलं. त्यांचं अंगावर पिणारं बाळ माझ्या कडेवर रडायचं आणि आतून त्या ओरडायच्या, "आण व त्याले, पाजू दे!" आवाज थांबल्यावरच दार उघडलं. त्या बाळाचे केस आता पिकले आहेत. आपल्याला मीच जन्म दिला, असं ते आजही समजतं.