मार्केट यार्डचं टोक

वाघोलीच्या गोदामात मी स्टुलावर बसले होते आणि समोरच्या पडद्यावर एकच खेळ चालला होता. लाइन चालू, लगेच लाइन बंद. गोदाम मिरचीच्या व्यापाऱ्याचं, त्यामुळे मधूनमधून मी शिंकतही होते. शेटजींची पेढी मार्केट यार्डात. तिथला राउटर आणि इथला राउटर लीज्ड लाइनने, म्हणजे टेलिफोन खात्याकडून भाड्याने घेतलेल्या खास तारेने, जोडला की गोदामातला माल त्यांना गादीवर बसल्या बसल्या दिसणार होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि पुण्यात ज्याला त्याला इथला कॉम्प्युटर तिथल्या कॉम्प्युटरला जोडायचा होता.

मी अकोल्याची. नोकरी राउटरच्या कामाची म्हणून मिळाली होती, पण साहेब राउटरला हात लावू देत नव्हते. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "वाघोलीचं टोक तुम्ही बसवा. आज लाइन चालू झाली तर पुढची कामं तुमची. नाही झाली तर सोमवारपासून तक्रारींच्या फोनवर बसा. आवाज बरा आहे तुमचा." साहेब अपमानही अहो-जाहो करूनच करायचे.

दुपारी मी त्यांना फोन लावला. लाइन टिकत नाही म्हटलं.

"मार्केट यार्डचं टोक मी स्वतः बसवलंय," ते म्हणाले. "तेव्हा चूक कुठे आहे ते आपणच ठरवा." आणि फोन ठेवला.

माझं डोकंच फिरलं. लोकांच्या तक्रारी ऐकायला मी घरदार सोडून आले नव्हते. पुन्हा स्टुलावर बसले आणि सगळ्या कमांड पहिल्यापासून तपासल्या. एकही चुकलेली नव्हती. मग दोन्ही राउटर आपसात काय बोलतात ते दाखवणारी कमांड दिली. अशा जोडणीत प्रत्येक राउटर आधी आपलं नाव सांगतो आणि पासवर्ड माहीत असल्याचं पटवतो. समोरच्याकडे ते नाव आधीच लिहिलेलं असावं लागतं, नाहीतर तो दार लावून घेतो. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे पलीकडचं नाव मी 'मार्केटयार्ड' लिहिलं होतं. पडद्यावर पलीकडचा राउटर मात्र दर वेळी सांगत होता, मी 'श्रीमार्केटयार्ड'.

मी पेढीवर फोन केला. शेटजींनीच उचलला.

"काका, राउटर बसवताना त्याच्या नावात काही बदल केला होता का?"

"बदल कसला? तुमचे साहेब नाव घालत होते, मी म्हटलं आधी श्री घाला. श्रीशिवाय आमच्याकडे कशाचीच सुरुवात होत नाही."

म्हणजे साहेबांनी शेटजींचं मन राखलं होतं आणि मला सांगायचं विसरले होते. शेटजींचा श्री काढायला लावणं माझ्या जिवावर आलं, आणि गरजही नव्हती. माझ्या राउटरमध्ये लिहिलेल्या पलीकडच्या नावात श्री घातला. एका ओळीचं काम.

लाइन चालू झाली. मी श्वास रोखून बघत राहिले. बंद झाली नाही. पलीकडे चाचणीचे निरोप पाठवले, तर एकेकाची पोच परत आली आणि पडद्यावर पोचेमागे एक अशी उद्गारचिन्हांची रांग उमटली. मी इतक्या मोठ्यांदा हसले की पोती उचलणारे हमाल थांबून बघायला लागले. इतका निखळ आनंद मला परीक्षेच्या निकालानेही दिला नव्हता.

साहेबांना फोन केला. "सर, चालू झाली ना जी लाइन," घाईत माझी वऱ्हाडी सुटली. मग काय सापडलं ते सांगितलं, श्रीसकट.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"खडकवासल्याला नवीन लाइन आलीय," ते म्हणाले. "सोमवारी तिकडचं टोक तुम्ही बसवा."

"बसवते," मी म्हटलं. "पण या वेळी दोन्ही टोकं मीच बसवणार."

"बरं," साहेब म्हणाले.