मागची सीट

अश्वजितची नजर लहानपणी तापात गेली. आता तो छत्तिशीचा आहे, खामगावात एका बँकेत कारकून आहे आणि बोलणाऱ्या संगणकावर काम करतो. रोज सकाळी पांढरी काठी घेऊन घरून निघतो. तेलाच्या घाण्याचा वास आला की उजवीकडे वळतो, आणि कुणाचा हात न धरता बँकेत पोचतो.

मागच्या हिवाळ्यात तो खामगाव ते विशाखापट्टणम सायकल मोहिमेत निघाला. सोबत दहा-बारा जण आणि सामानाची एक जीप होती. त्याच्यासाठी दोन सिटांची सायकल होती. तिचं हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हाती असतात, पायडल मात्र दोघांचे एकाच साखळीला जोडलेले असतात. पुढे बसायचे मोहिमेचे प्रमुख वामनराव. पोलीस खात्यातून निवृत्त झालेला भला माणूस. सहा महिने रोज पहाटे त्यांनी त्याच्यासोबत सराव केला होता.

पहिला आठवडा जिल्ह्यातच फिरायचं आणि गावोगावी सत्कार घ्यायचे, असं ठरलं होतं.

बोथ्याच्या घाटात पहिली चढण लागली. जंगलातली गार हवा अंगावर येत होती. पुढं वळण आहे की खड्डा, हे अश्वजितला कळेना.

"वामनराव, अजून किती चढ हाये?"

"तू फक्त पायडल मार. रस्ता पाहाले मी हावो ना."

तो पायडल मारत राहिला. थांबावंसं वाटलं तरी थांबता येत नव्हतं, कारण वामनरावांचे पाय फिरले की त्याचेही फिरत. सरावाच्या वेळी याचं काही वाटलं नव्हतं. तेव्हा तासाभरात घर यायचं.

बुलढाण्यात हार घातले. धाडला पोचले तर बाजाराचा दिवस होता. मिरचीचा ठसका, कोंबड्या, भाव सांगणारे आवाज. अश्वजितला त्यातून एक चक्कर मारायची होती. त्याने काठी मागितली.

"काठी जीपमधी हाये, आन् डायवर जेवाले गेला," वामनराव म्हणाले. "हरवशीन कुठं. बस इथं खुर्चीवर."

तो बसला. लघवीला जायचं म्हटलं तरी कुणीतरी दंड धरून नेई आणि दाराबाहेर उभं राही. मंचावर वामनराव माईक घेऊन म्हणाले, "या माणसाच्या जीवनात अंधार हाये, तरी तो समुद्रापर्यंत चालला." टाळ्या वाजल्या. माईक अश्वजितच्या हाती कुणी दिला नाही.

संध्याकाळी बायकोचा, समताचा, फोन आला. "आवाज काऊन असा येऊन राह्यला?"

"थकलो थोडा," तो म्हणाला. बँकेने दारावर त्याचा फोटो लावला होता. पोरगा शाळेत सगळ्यांना सांगत फिरत होता. परत येतो म्हणायची सोय उरली नव्हती.

देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर. सगळीकडे तेच वाक्य, त्याच टाळ्या. डोणगावला जिल्ह्यातला शेवटचा सत्कार होता. सायकल मंचाजवळ थांबली, वामनराव उतरले आणि त्याचा दंड धरला.

"मी वर येत नाही," अश्वजित म्हणाला.

"लोकं वाट पाहून राह्यले."

"पाहू द्या."

वामनरावांनी दंड सोडला. "मंग बसून राहाय," म्हणाले आणि गेले.

एवढी लांब सायकल दोन पायांत पेलून तो उभा राहिला. सोडली तर ती पडणार, आणि उतरून जायचं कुठे हेही माहीत नव्हतं. पोरं जवळ येऊन त्याच्या काळ्या चष्म्याविषयी कुजबुजत होती.

तेवढ्यात नाजिश आली. धाडच्या उर्दू शाळेत ती खेळ शिकवायची आणि मोहिमेत सगळ्यांत मागे सायकल चालवायची.

"अश्वजित भाऊ, काई पाह्यजे का तुमाले?"

"माही काठी."

तिने जीपमधून काठी आणून दिली, सायकल धरली आणि सोबत येऊ का असं विचारलं नाही. अश्वजित निघाला. एकदा नालीच्या कडेला ठेचकाळला. तळणाच्या वासाने हॉटेल सापडलं. चहा घेऊन तो बाकावर बसला. समोर कंडक्टर मेहकर, मेहकर म्हणून ओरडत होता. तिथून खामगावची गाडी मिळाली असती. ती एसटी त्याने जाऊ दिली. दुसरा चहा घेतला आणि परत आला.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने वामनरावांना सगळ्यांसमोर सांगितलं, "काठी माह्यापाशीच राहीन. मंचावर मी जाणार नाही. आन् रस्त्यात काय हाये ते मले सांगत चला."

"मंग समोर दुसरं कोणी बसवा," वामनराव ताट उचलत म्हणाले.

मग नाजिश म्हणाली, "मी बसून पाह्यतो. पण मले येत नाही, पडू आपण."

पडलेच. सकाळी शाळेच्या मैदानावर दोनदा, आणि गावाबाहेर पुन्हा एकदा. अश्वजितचा गुडघा सोलला, तिचा कोपर. वामनराव तिची सायकल घेऊन केव्हाच पुढे गेले होते.

"डाव्या हाताले तूर हाये," ती धापा टाकत सांगत होती. "समोरून उसाचा ट्रॅक्टर. मोठा खड्डा, उजवीकडं घेतो. आता उतार लागते."

तो उतार अश्वजितला आधी कळला आणि मग लागला. तो मोठ्याने हसला. आठवड्यात पहिल्यांदाच.

जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर मालेगावला मुक्कामी वामनराव त्याच्याजवळ येऊन बसले.

"मले वाटलं, तुले बरं वाटते ते," ते म्हणाले.

"तुमी एकदाही विचारलं नाही."

"नाही विचारलं," वामनराव म्हणाले. "गुडघ्याले काई लावलं का?"

"नाही."

त्यांनी खिशातून मलम काढलं. लावायला हात पुढे केला, थांबले, आणि ट्यूब अश्वजितच्या तळहातावर ठेवली.