गिधाडांच्या माळावरचा वाढपी

धाकट्याच्या कपड्यांना वास येतो, त्याला मुलगी कोण देणार, ही काळजी आईने केव्हाच सोडून दिली होती. आताची काळजी निराळी होती आणि संध्याकाळपासून काही केल्या मनातून हलत नव्हती. समोर दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. उद्या ऊन वर आलं की त्याची गिधाडं माळावर उतरतील, पोटभर खातील आणि पुढच्या काही दिवसांत एकेक करून माना टाकतील. त्यांना उचलायला तो एकटाच असेल.

धाकटा गिधाडांच्या माळावर राखणदार आहे. वस्तीबाहेर तारेचं कुंपण घातलेला उघडा माळ, कडेला पत्र्याची खोली, एक ट्रॅक्टर आणि त्याची ट्रॉली. कुणाचं जनावर मेलं की हा जाऊन ते आणतो आणि माळावर ठेवतो. पुढचं काम गिधाडांचं. थोरला बँकेत लागला तेव्हा नातेवाइकांनी धाकट्याचीही चौकशी केली. तो वनखात्यात आहे, असं ती जरा घाईनेच म्हणाली. तो मागून हसला. "आई, सरळ सांग ना, वाढपी आहे म्हणून."

लहानपणापासून तो असाच. अंगणात मेलेली चिमणी सापडली, तर ती पुरू दिली नाही. रोज सकाळी जाऊन बघायचा. मुंग्या आल्या, किडे आले, मग नुसती पिसं आणि काड्यांसारखी हाडं उरली. काही दिवसांनी त्या जागचं गवत हिरवंगार झालं, तेव्हा तिचा हात धरून दाखवायला घेऊन गेला. ती कॉलेजात हेच शिकली होती. तिने त्याला सांगितलं की, चिमणी संपली नाही, मातीत गेली आणि मातीतून गवतात आली. वाया काही जात नाही, नुसतं पुढे जातं. दाण्यात ऊन साठतं, हे तिने आधी कधीतरी सांगितलं होतं; मग चिमणीने दाण्यातून खाल्लेलं ऊन कुठे गेलं, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "ते तिने उडण्यात खर्च केलं. अंग गरम ठेवण्यात खर्च केलं. ते परत येत नाही, म्हणून तर रोज नवं ऊन लागतं." त्यावर पोरगं बराच वेळ उन्हात तळहात पसरून उभं राहिलं होतं.

माळावर त्याची कामाची एक पद्धत आहे. जनावर आजारी असताना त्याला दुखण्यावरची काही इंजेक्शनं दिली असली, तर ते औषध मांसात राहतं. गाईला त्याने बरं वाटतं, पण तेच मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. म्हणून तो औषधाबद्दल मालकाला विचारतच नाही. मालकाला जनावर उचलून हवं असतं, तो नाही म्हणून मान हलवून मोकळा होतो. धाकटा गोठ्यात जातो आणि त्या जनावराला शेवटचं पाणी कुणी पाजलं, ते विचारतो. त्या माणसाजवळ बसतो, त्याला बोलू देतो. बोलण्याच्या ओघात इंजेक्शन निघालं, की ट्रॉली रिकामी परत नेतो आणि मालकाला खोल खड्डा खणायला सांगतो. लोक त्याला शिव्या घालतात.

एकदा, नोकरी नवी असताना, असं एक जनावर नजरेतून सुटलं होतं. झाडावरच्या घरट्यांजवळ माना खाली घालून बसलेले पक्षी त्याने कितीतरी दिवस पाहिले होते. एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते, एवढंच तो घरी येऊन बोलला. ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा.

आज दुपारी तिच्या भावाची गाय गेली. तिनेच धाकट्याला फोन करून मामाकडे पाठवलं. मामाने दारातच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि औषधबिषध काही नाही रे, म्हातारपणाने गेली, असं सांगितलं. मामी आत गोठ्यात होती. मामाच्या शब्दावर पुन्हा मामीला काय विचारायचं, म्हणून तो आत गेला नाही. उन्हं उतरता उतरता गाय माळावर पोचली, तोवर पक्षी रात्रीसाठी झाडांवर बसले होते. सकाळी हवा तापली की पक्षी त्या हवेवर वर चढतात आणि वरूनच त्यांना सगळं दिसतं.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. गाईच्या आठवणी काढून रडत होत्या. पाय सुजला होता, रात्रभर कण्हायची, म्हणाल्या. "डॉक्टरांनी परवा आणि काल दुखण्याचं इंजेक्शन दिलं ना ताई, तेव्हा कुठे बिचारीचा डोळा लागला."

"इंजेक्शन?" तिने विचारलं. वहिनींच्याही लक्षात आलं.

"ह्यांना सांगू नका हं. भाचा गाय न्यायचा नाही म्हणून लपवलं त्यांनी. त्यांची कंबर धरलीय, खड्डा कोण खणणार होतं?"

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत राहिली. सगळीच इंजेक्शनं वाईट नसतात, असंही मनाला सांगून पाहिलं. भावाचं नाव घ्यायचं म्हणजे माहेरचं दार कायमचं आपल्या हाताने लोटून घ्यायचं. आणि धाकटा मामाला दोष देणारच नाही. मामीपाशी दोन मिनिटं बसलो का नाही, हेच उगाळत बसेल. पुन्हा ताटावरून उठेल. न सांगावं, तर निदान आजची रात्र तरी तो शांत झोपेल.

पण वाया काही जात नाही, नुसतं पुढे जातं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. गवत ज्या वाटेने गाईत आलं आणि गाय ज्या वाटेने गिधाडात जाणार, त्याच वाटेने ते औषधही जाणार होतं. तिच्या गप्प बसण्याने ते मध्येच कुठे थांबणार नव्हतं.

तिने सांडलेलं दूध पुसलं, हात कोरडे केले आणि फोन उचलला. ट्रॅक्टर काढ आणि गाय आत्ताच माळावरून हलव, एवढं आधी सांगायचं. मग मामाचं. खड्डा खणायला थोरल्यालाही पाठवते म्हणायचं. मामीला विचारायला हवं होतंस, हे मात्र तिच्या तोंडून येणार नव्हतं.