ड्यूटीच्या वहीतल्या पेन्सिलखुणा

बाईचं काम नेमकं काय, हे तिच्या सासूबाईंना बावीस वर्षांत नीट कळलं नव्हतं. शेजारणीने विचारलं की त्या सांगायच्या, "लोकांना प्रश्न विचारत फिरते आणि त्याचा पगार घेते." बाईला त्यात फारसं खोटं वाटत नसे. ती बिझनेस ॲनालिस्ट होती. ज्यांना संगणकावर नवी व्यवस्था हवी असते त्यांचं म्हणणं ऐकायचं, ती बांधणाऱ्या मंडळींना समजेल अशा भाषेत ते सांगायचं, आणि पुढे काही बिघडलं की दोन्हीकडची बोलणी खायची.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिच्याकडे बसडेपोचं काम आलं. एकशे चाळीस गाड्या, तीनशेच्या वर ड्रायव्हर. कोणी कोणती गाडी किती वाजता काढायची, हे आजवर एका जाड वहीत लिहिलं जाई. आता ते संगणकाने ठरवायचं आणि ड्रायव्हरला फोनवर कळवायचं होतं. काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांनी चालणार होतं. टप्पा संपला की झालं तेवढं दाखवायचं, लोकांचं ऐकायचं, पुढचं ठरवायचं. या टप्प्याला सगळे स्प्रिंट, म्हणजे जोराची धाव, म्हणत. धापा टाकायला लागलेल्या माणसाला हा शब्द कोणी ऐकवू नये, असं बाईला वाटे.

पहिल्या दिवशी डेपोच्या मीटिंगच्या खोलीत तिने फळ्यावर नेहमीचे चार रकाने आखले. या कामाशी ज्यांचा ज्यांचा संबंध, त्या प्रत्येकाच्या नावाची पिवळी चिठ्ठी कुठल्यातरी रकान्यात चिकटवायची. वजन आहे आणि रसही आहे, त्यांना दर टप्प्याला सोबत घ्यायचं. वजन आहे पण रस नाही, त्यांचं मन राखायचं. रस आहे पण वजन नाही, त्यांना कळवत राहायचं. आणि दोन्ही नाही, त्यांच्यावर नुसती नजर ठेवायची. डेपो मॅनेजर आणि युनियनचे सेक्रेटरी पहिल्या रकान्यात गेले. मोठ्या ऑफिसातले साहेब दुसऱ्यात. राहिले मास्तर. हेच गेली सव्वीस वर्षं ती वही लिहीत होते.

"त्यांचं काय मनावर घ्यायचं?" मॅनेजर म्हणाले. "सात महिन्यांत रिटायर होतायत."

बाईने मास्तरांची चिठ्ठी 'कळवत राहायचं' मध्ये लावली. हात थोडा थबकला, पण तिला घरी जाताना सासूबाईंची औषधं घ्यायची होती आणि दुकान बंद व्हायला अर्धा तासच होता.

मास्तरांना ती भेटलीच नाही असं नव्हे. खिडकीशेजारच्या त्यांच्या टेबलापाशी ती चाळीस मिनिटं बसली. दोन ड्यूट्यांमध्ये किती तासांची विश्रांती, लांबच्या गाडीवर कोणाची पाळी कधी, सगळे नियम त्यांनी घडाघडा सांगितले. शेवटी तिने विचारलं, "आणखी काही?"

"नाही बाई. एवढंच."

हे म्हणताना त्यांचा तळवा वहीवर पालथा होता. बाईने तो पाहिला. पाच वर्षांपूर्वीची बाई असती तर तिने खुर्ची आणखी पुढे ओढली असती. त्या दिवशी तिने पेनाचं टोपण लावलं.

तीन टप्पे झाले. दाखवायच्या दिवशी मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या टप्प्यात खऱ्या ड्यूट्या फोनवर जायला लागल्या, आणि आठवड्याभरात अकरा ड्यूट्या मोडल्या. ड्रायव्हर आलेच नाहीत. सकाळची लांबची गाडी सव्वा तास उभी राहिली आणि प्रवाशांनी चौकशीच्या खिडकीवर तोंडसुख घेतलं. मॅनेजर म्हणाले, ड्रायव्हर माजलेत. बाईच्या ऑफिसातून फोन आला की डेपोच्या गरजा समजून घेताना काय राहिलं ते शोधा. म्हणजे खापर तिच्या डोक्यावर फुटणार, हे तिला कळलं.

दुपारी ती मास्तरांकडे गेली. या वेळी वही-पेन पर्समधून काढलंच नाही.

"मास्तर, माझं काय चुकलं?"

"तुमचं काही चुकलं नाही. यंत्र नियमाप्रमाणेच ड्यूट्या लावतंय."

"मग?"

"मी कधी नियमाप्रमाणे लावल्याच नाहीत."

त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. शाईने लिहिलेल्या नावांशेजारी पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. ठिपका म्हणजे घरी डायलिसिसवरची बायको. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला नवराच लागतो, त्या दिवशी त्याला दुपारची गाडी. फुली म्हणजे दोघे व्याही. एकाची मुलगी दुसऱ्याच्या घरून परत आली, तेव्हापासून त्यांची तोंडं दोन दिशांना. ते एका वेळी डेपोत येऊ द्यायचे नाहीत. अशा पस्तीस-चाळीस खुणा होत्या. मास्तर अदलाबदल करत, वर कागद मात्र नियमाप्रमाणे जाई.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लिहून घेत होतात," मास्तर म्हणाले. "लिहिलं की ते साहेबांपर्यंत जातं. नोकरी माझी जायची, आणि पंचाईत ड्रायव्हरांची."

एका नावाशेजारी लहानसं वर्तुळ होतं. मास्तर त्यावर बोट न ठेवताच पुढे निघाले, म्हणून तिने विचारलं.

"त्याला उजेड उतरला की समोरच्या दिव्यांनी दिसेनासं होतं," ते हळूच म्हणाले. "मी त्याला सकाळचीच गाडी देतो."

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

बाईच्या मनात आलं, या वर्तुळाच्या मागे पन्नास माणसं बसतात. ती घरी गेली, जेवताना नवऱ्याने दोनदा काहीतरी विचारलं, तिला ते ऐकू आलं नाही. सकाळी ती परत मास्तरांपुढे उभी राहिली. "बाकीच्या खुणा माझ्याकडून कुठे जाणार नाहीत. पण हे वर्तुळ तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल."

मास्तरांना दोन दिवस लागले. त्यांनी त्या ड्रायव्हरला आधी स्वतः डॉक्टरकडे नेलं, मग मॅनेजरना कळवलं. ड्रायव्हरचं स्टिअरिंग सुटलं, त्याला चौकशीच्या खिडकीत बसवलं. मास्तरांचं टेबल तिथून दहा पावलांवर होतं. तो त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही.

बाकीच्यांसाठी बाईने संगणकाच्या व्यवस्थेत एक नवा भाग मागितला. ड्रायव्हरांनी आपसात ड्यूटी बदलावी, मास्तरांनी मान्य करावी, कारण कोणी विचारू नये. मॅनेजर ऐकेनात.

"कारण लिहायलाच हवं. उद्या कोणीही उठून बदलेल."

"साहेब, तुमच्या गाड्या आजवर वेळेवर सुटल्या त्या कोणी कारण विचारत नव्हतं म्हणून."

"आणि हा निर्णय मास्तरांचा? रिटायर होणाऱ्या माणसाला कसलं आलंय वजन?"

"अकरा ड्यूट्या मोडल्या साहेब. वजन अजून कसं दाखवू?"

तीन दिवस घासाघीस झाली. अखेर कारणाचा रकाना राहिला, पण त्यात निवडायला 'घरगुती' असा एक पर्याय आला. पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांनी तोच निवडला. मोडणाऱ्या ड्यूट्या अकरावरून तिनावर आल्या, त्याखाली काही गेल्या नाहीत. ते दोन व्याही एकदा समोरासमोर आले आणि गाडीच्या चावीवरून भांडले. त्यावर बाईकडे उपाय नव्हता.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी ती गेली होती. खुर्च्या कमी पडतील एवढे ड्रायव्हर जमले होते. चौकशीच्या खिडकीतला जागचा हलला नाही. भाषणं संपल्यावर मास्तर तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"तो यायला हवा होता," ते म्हणाले.

"माझ्यावर राग असेल."

"तुमच्यावर कशाला? तुम्हाला तो ओळखतही नाही. दीड वर्ष गप्प बसलो मी, आणि मग बोललोही मीच." त्यांनी हातातला गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. "पण गाडीला काही झालं असतं तर, बाई... असू दे."

पुढच्या सोमवारी बाईने आठ दिवसांची रजा टाकली. सासूबाईंनी विचारलं, कुठे जाणार आहेस का? ती म्हणाली, कुठे नाही. पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई तिच्या उशाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काय गं, आता कोणाला प्रश्न विचारायचे नाहीत?"

"नाही आई," ती कूस बदलत म्हणाली. "तुम्हीच काहीतरी सांगा."

आणि सासूबाई शेजारणीच्या सुनेबद्दल सांगायला लागल्या.